४५ मिलिमीटरचा रूळ सगळ्यांना चालतो, वायरिंग नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत नोकरी करून परतलेल्या थोरल्या भावाने एलजीबी ब्रँडची जुनी मॉडेल रेल्वेगाडी दिली: छोटं वाफेचं इंजिन, दोन डबे, रुळांचं एक वर्तुळ आणि ट्रान्सफॉर्मर. पुढे अमेरिकेतून आलेल्या आतेभावाने बाखमन कंपनीचं 'बिग हॉलर' मॉडेल इंजिन आणलं, तेही त्याच्या ट्रान्सफॉर्मरसकट. दोन्ही इंजिनं त्याच रुळावर नीट बसतात, पण करंट दिला की एक पुढे जातं आणि दुसरं मागे. आता दोन्हींत डिजिटल डिकोडर (कंट्रोलरचे आदेश ओळखून मोटर आणि दिवे चालवणारे छोटे सर्किट) बसवायचे आहेत. डिकोडरची पिवळी वायर इंजिनातल्या पिवळ्या वायरला जोडायची का? आणि बाखमनच्या इंजिनातून चालताना टक-टक आवाज येतो, त्यात एलजीबीचा गिअर बसेल का?

सगळ्यात आधी एक तातडीची गोष्ट. तो अमेरिकन ट्रान्सफॉर्मर इथल्या प्लगमध्ये घालू नका. तो १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. बाजारात मिळणारा अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. ट्रान्सफॉर्मर जळेलच, शिवाय आतलं इन्सुलेशन वितळलं तर मेनचा करंट रुळांपर्यंत पोचू शकतो. लहान मुलं ज्या रुळांना हात लावतात, तिथे हा धोका घ्यायचाच नाही. जर्मन ट्रान्सफॉर्मर २२० किंवा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचा असतो, तो इथे चालतो. दोन्ही इंजिनं डीसीवरच चालतात, त्यामुळे सध्या तो एकच पुरे. फक्त त्याची मेन कॉर्ड एकदा वाकवून बघा. जुनी कॉर्ड कडक होऊन तडकलेली असेल तर आधी ती बदला, आणि ट्रान्सफॉर्मर कायम घरात ठेवा, बागेत नको.

आता मूळ मुद्दा. एलजीबी, म्हणजे लेमान ग्रोस बान, ही न्युरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली बाजारात आणली. रुळांतलं अंतर ४५ मिमी आणि प्रमाण १:२२.५. मीटर गेजची गाडी या प्रमाणात लहान केली की साधारण ४४.४ मिमी येतात, तिथून हा हिशोब. पण त्याच ४५ मिलिमीटरवर १:३२ ची मॉडेल्स चालतात (१४३५ मिमीचा स्टँडर्ड गेज), १:२०.३ ची चालतात (अमेरिकेतला तीन फुटी गेज), आणि अमेरिकेत १:२९ चीही भरपूर आहेत, जी हिशोबात कुठेच चपखल बसत नाहीत. खुद्द एलजीबीचं सगळ्यांत ओळखीचं इंजिन, ऑस्ट्रियातलं 'श्टाइन्त्स', मुळात ७६० मिमी गेजवरचं आहे. तात्पर्य काय, तर ४५ मिमी जुळले म्हणजे चाकं रुळावर बसतील एवढीच खात्री मिळते. वायरींचे रंग, दिव्यांचं व्होल्टेज, डबे जोडणाऱ्या कपलिंगची उंची, आसाची लांबी, गिअरचे दात यांतलं काहीच त्यावरून कळत नाही. एकाच कंपनीची वीस वर्षांच्या अंतराने निघालेली दोन इंजिनंसुद्धा आतून वेगळी असतात. म्हणून या छंदात डिकोडर घेण्याआधी एक बरा मल्टिमीटर आणि एक डिजिटल व्हर्नियर कॅलिपर घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

इंजिनं उलटसुलट का पळतात, ते सोपं आहे. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे, इंजिनाच्या चालकाच्या उजव्या हाताच्या रुळाला पॉझिटिव्ह दिलं की इंजिन पुढे जायला हवं. एलजीबीने पहिल्यापासून याच्या उलट ठेवलं आणि मोठ्या आकाराच्या गाड्या बनवणाऱ्या बऱ्याच जणांनी तेच उचललं. त्यामुळे काही बाखमन मॉडेल्समध्ये यासाठी छोटा स्विच दिलेला असतो, बहुधा स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या भागात. आधी तो आहे का बघा. नसेल आणि गाड्या साध्या डीसीवरच चालवायच्या असतील, तर एका इंजिनाच्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. दिवे दिशेप्रमाणे लागणारे असतील तर त्यांचंही वायरिंग बघावं लागेल. डिजिटलवर जायचं पक्कं असेल तर मात्र आत्ता काहीच उलटवू नका. डीसीसीमध्ये (गाड्या डिजिटल आदेशांनी चालवायच्या पद्धतीत) दिशा रुळाच्या पोलॅरिटीवर ठरत नाही, डिकोडर ठरवतो. सीव्ही २९ (डिकोडरमधली एक सेटिंग) चा पहिला बिट बदलला की इंजिनाचं पुढे-मागे आणि पुढचे-मागचे दिवे एकदम फिरतात. दिवे बरोबर आहेत पण इंजिनच उलटं जातंय, अशी स्थिती असेल तरच मोटरच्या वायरी उलट करायच्या.

रंगांचं उत्तर स्पष्ट देतो: पिवळी पिवळीला जोडू नका.

एलजीबीच्या मोटर ब्लॉकमधून (चार वायरींचा असेल तर) तपकिरी, पांढरी, पिवळी आणि हिरवी अशा वायरी येतात. तपकिरी आणि पांढरी रुळावरून येणाऱ्या करंटच्या, पिवळी आणि हिरवी मोटरच्या. डिकोडरवर एनएमआरएचे रंग असतात: लाल आणि काळी रुळांच्या, नारिंगी आणि करडी मोटरच्या, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, हिरवी पहिल्या फंक्शनची आणि निळी सगळ्या दिव्यांची सामाईक पॉझिटिव्ह. आता पांढरी पांढरीला जोडली तर काय होईल बघा. रुळातलं पूर्ण व्होल्टेज थेट पुढच्या दिव्याच्या आउटपुटमध्ये शिरेल. ते आउटपुट काहीशे मिलिअँपिअरचं, आणि मागे सेंट्रल, म्हणजे रुळाला करंट आणि आदेश देणारा कंट्रोलर, उभी आहे पाच-आठ अँपिअरची. डिकोडर एका क्षणात जातो, आणि अशा बिघाडावर कोणी वॉरंटी देत नाही. म्हणून जोडणी अशी: एलजीबीची तपकिरी आणि पांढरी डिकोडरच्या लाल आणि काळीला, एलजीबीची पिवळी आणि हिरवी डिकोडरच्या नारिंगी आणि करडीला. पण हेही रंग बघून नाही, मोजून. तुमचं इंजिन जुनं आहे, तुमच्याआधी ते कोणी उघडून वायर बदलली आहे का, हे बाहेरून कळत नाही.

मोजायचं असं. इंजिन मऊ फडक्यावर उलटं ठेवा, रुळावरून काढलेलंच. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बझरवर. एक टोक उजव्या बाजूच्या चाकाला, दुसरं एकेका वायरला. जिथे बझर वाजेल ती उजवी रूळवायर. डावीकडे तसंच. एलजीबीत चाकांशिवाय रुळावर घासत जाऊन करंट घेणारे पिकअप शू असतात, तेही त्याच वायरला लागतात का ते तपासा. उरलेल्या दोन वायरींमध्ये काही ओहम रेझिस्टन्स दाखवला, तर ती मोटर. आता सगळ्यात महत्त्वाचं: मोटरची एक वायर आणि रुळाची एक वायर, अशा चारही जोड्या तपासा. कुठेही बझर वाजायला नको. वाजला तर मोटर आतूनच पिकअपला जोडलेली आहे. एलजीबीच्या जुन्या ब्लॉकमध्ये पितळी पट्ट्यांनी हे केलेलं असतं, आणि तिथून फक्त दोन-तीन वायरी बाहेर येतात. असा ब्लॉक उघडून पट्टी तोडून मोटर वेगळी केल्याशिवाय डिकोडर लावायचा नाही. बाखमनमध्ये मोटरपाशी छोटा सर्किट बोर्ड असतो, त्यावर रेडिओच्या खरखरीसाठी कपॅसिटर लावलेले असतात. डिकोडर मोटरला जलद तुकड्यातुकड्यांनी करंट देतो, त्यात हे कपॅसिटर अडथळा आणतात आणि इंजिन हळू वेगात अडखळतं. मी बोर्ड पूर्ण बाजूला काढतो आणि पिकअपपासून नव्याने वायर ओढतो. वेळ जातो, पण नंतर शंका उरत नाही.

दिवे वेगळे तपासा. एलजीबीच्या काही इंजिनांत पाच व्होल्टचे बल्ब असतात, मागे व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट असतं. तेच बल्ब डिकोडरच्या आउटपुटला थेट लावले तर वीस-बावीस व्होल्ट मिळतात आणि ते लगेच उडतात. जुन्या बल्बांची एक बाजू अनेकदा इंजिनाच्या बॉडीला किंवा चाकाला जोडलेली असते, ती आधी सोडवा. निळी वायर बॉडीला कुठेही लागता कामा नये. हीट श्रिंक स्लीव्ह प्रत्येक सांध्यावर घाला. इन्सुलेशन टेप इंजिनाच्या उष्णतेने सैल पडते आणि तिचा चिकटा गिअरमध्ये जातो.

डिकोडर किती अँपिअरचा घ्यायचा, हेही मोजूनच ठरतं. एचओ या लहान आकाराच्या गाड्यांचा एक अँपिअरचा डिकोडर स्वस्त मिळतो म्हणून इथे बसवू नका. मोटर पूर्ण अडवली असताना जो करंट खेचते, तो डिकोडरला झेपायला हवा. पूर्ण व्होल्टेजवर मोटर अडवणं गिअरच्या जिवावर बेततं, म्हणून मी सहा व्होल्टवर मोजतो. मीटर सिरीजमध्ये, चाक क्षणभर धरायचं, आकडा घ्यायचा, सोडायचं. अडलेल्या मोटरचा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सहा व्होल्टला ०.८ अँपिअर आले तर अठराला २.४ समजायचे. अशा इंजिनाला तीन अँपिअरचा डिकोडर हवा. दोन मोटरींचं इंजिन असेल तर दोन्हींची बेरीज. मोठ्या गाड्यांसाठी जर्मनीतल्या मासोथ आणि ईएसयू, व्हिएन्नाची झिमो यांचे डिकोडर मिळतात आणि तिघांचेही विश्वासाचे आहेत. आवाजासहित हवा असेल तर स्पीकरला जागा आहे का ते आधी बघा. छोट्या टँक इंजिनात वजनाचा ठोकळा हलवावा लागतो, आणि वजन कमी झालं की चढावर चाकं घसरतात.

भावाच्या सामानात एलजीबीचं जुनं डिजिटल, म्हणजे एमटीएस, निघालं तर दोन खुणा लक्षात ठेवा. ते डीसीसीच आहे, पण सुरुवातीच्या पिढ्यांत वेगाच्या फक्त १४ पायऱ्या होत्या. आजचे डिकोडर २८ किंवा १२८ पायऱ्या धरून चालतात. दोन्ही एकत्र आले की इंजिन चालतं, पण वेग वाढवताना पुढचा दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो. दिव्यात किंवा वायरमध्ये दोष शोधत बसू नका, सीव्ही २९ चा दुसरा बिट सेंट्रलशी जुळवा. दुसरी खूण शिटीची. जुने एलजीबी डिकोडर वेगळ्या फंक्शनसाठी वेगळी कळ ओळखत नाहीत. त्यांना पहिल्याच फंक्शनचे मोजून पल्स लागतात, चौथ्या आवाजासाठी चार. नव्या सेंट्रलवर चौथी कळ दाबून ते गप्प बसले, म्हणजे बिघडले असं नाही. डिकोडर न बसवलेलं इंजिन मात्र डिजिटल रुळावर उभं ठेवू नका. मोटर गुणगुणत राहते आणि तापते.

सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) बदलायची मोटर हा आणखी एक भाग, जिथे लोक हमखास अडकतात. एलजीबीच्या ईपीएल मोटरला दोनच टोकं असतात. एचओच्या सांध्यांना तीन वायरी असतात (एक सामाईक, दोन बाजूंच्या), त्यामुळे त्यांचा कळफलक इथे चालत नाही. ईपीएलला अर्धी लहर लागते: एसीची फक्त वरची बाजू दिली की सांधा एका बाजूला, फक्त खालची दिली की दुसऱ्या. एलजीबीचा नारिंगी कळफलक, जुना ५१७५, नंतरचा ५१७५०, आत हेच करतो. तो मिळाला नाही तर घरी करता येतो. अठरा व्होल्ट एसीची एक वायर थेट मोटरला. दुसरी वायर दोन पुशबटणांत वाटायची. एका बटणापुढे १एन४००७ डायोड सुलटा, दुसऱ्यापुढे उलटा, आणि दोन्हींची पुढची टोकं एकत्र करून मोटरच्या दुसऱ्या टोकाला. हे डायोड मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत कुठल्याही दुकानात मिळतील. बटण मात्र पुशबटणच हवं, दाबलं की लागणारं आणि सोडलं की सुटणारं. साधा स्विच लावला आणि चालू राहिला, तर कॉइल जळते. सांधा सरकल्याचा खटका ऐकला की बोट उचलायचं.

बागेत किंवा गच्चीवर मोठा फेरा घालणार असाल तर वायरच्या जाडीचा हिशोब एकदा कागदावर करा. समजा ट्रान्सफॉर्मरपासून वीस मीटरवर रुळाला जोडणी आहे. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे चाळीस मीटर तांबं. खेळण्यांबरोबर येते तशी, समजा अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर लावली, तर तीन अँपिअरला सुमारे चार व्होल्ट वायरीतच गळतात. दीड चौरस मिलिमीटरला सुमारे १.४ आणि अडीचला सुमारे ०.८ व्होल्ट. घरातल्या वायरिंगची दीडची किंवा अडीचची मल्टीस्ट्रँड वायर इथे उत्तम, आणि ती दर काही मीटरवर रुळाला सोल्डर करा. रुळांच्या फिशप्लेटवर भरवसा ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात पितळ काळं पडतं आणि कोकणात, गोव्यात खारी हवा ते आणखी लवकर करते. दोन रूळ स्क्रूच्या क्लॅम्पने घट्ट जोडले तर पावसानंतर फक्त वरचा भाग घासून भागतं.

सुट्या भागांकडे येतो. एलजीबीचा मूळ निर्माता २००६ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि २००७ पासून हा ब्रँड मेर्कलिनकडे आहे. त्यामुळे भाग मिळतात, पण क्रमांक तीन पिढ्यांत बदलले आहेत. जुना चार आकडी क्रमांक पुढे बहुधा एक शून्य लागून पाच आकडी झाला (सरळ रूळ १००० चा १००००, वळणाचा ११०० चा ११०००), आणि मेर्कलिनच्या सुट्या भागांना 'ई' अक्षरापुढे सहा आकडे असतात. म्हणून भाग शोधताना भागाच्या वर्णनावरून नाही, तर इंजिनाच्या मॉडेल क्रमांकावरून सुरुवात करा. त्या मॉडेलचे सगळे भाग सुटे करून दाखवणाऱ्या चित्रात भाग शोधा, मग क्रमांक घ्या. मोटर मागवताना आसाचं टोक आखूड की लांब, एका बाजूला की दोन्ही, हे मोजून सांगा. बाहेरून त्या सारख्याच दिसतात. भावाची ओळख जर्मनीत अजून असेल तर पिकअपचे कार्बन, त्यांच्या स्प्रिंगा, पिकअप शू आणि चाकावरचे रबरी टायर एकदम मागवून ठेवा. हे झिजणारेच भाग आहेत आणि पाकिटात मावतात. अमेरिकन कंपनी अ‍ॅरिस्टोक्राफ्ट २०१३ अखेर बंद पडली. स्वस्तात मिळतंय म्हणून तिचं इंजिन घेणार असाल, तर भागांसाठी दुसरं बंद इंजिन सोबत मिळत असेल तरच घ्या.

डब्यांची चाकं एका कंपनीची दुसऱ्याला लावता येतात, पण आसाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी आणि टोकांची जाडी मोजून. दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर ४० मिमीच्या आसपास हवं, नाहीतर सांध्यावर डबा घसरतो. धातूची चाकं घेतली तर काही जोड्यांत एकाच बाजूला इन्सुलेशन असतं. डब्याखाली धातूची बोगी असेल तर सगळ्या जोड्यांची इन्सुलेट केलेली बाजू एकाच अंगाला ठेवा. एक उलटी बसली की बोगीतूनच शॉर्ट. कपलिंगची झटापट करू नका. एलजीबीचा हुक आणि बाखमनचा नकल (वाकवलेल्या बोटांसारखा एकमेकांत अडकणारा) यांची उंचीही जुळत नाही. एका डब्याला एका टोकाला हुक, दुसऱ्याला नकल लावून तो कायम मध्ये ठेवा.

आता टक-टक. बाखमनच्या इंजिनात एलजीबीचा गिअर बसणार नाही: दातांची संख्या, आसाची जाडी, रुंदी, सगळंच वेगळं. पण आधी आवाज कुठून येतो ते पक्कं करा. एका चाकावर खडूची खूण करा आणि इंजिन उलटं ठेवून सहा व्होल्टवर चालवा. चाकाच्या दर फेरीला एकच टक आला, तर आसावरचा गिअर तडकलेला असण्याची शक्यता सर्वाधिक. प्लास्टिकचा गिअर धातूच्या आसावर दाबून बसवलेला असतो, तो वर्षानुवर्षं ताणाखाली राहतो आणि दोन दातांमधल्या खोलगट जागी फुटतो. तिथे दातांतलं अंतर वाढतं, आणि दर फेरीला तो दात चढून पडतो. भिंगाखाली रेघ दिसते. सुपरग्लूने ती जोडता येत नाही. ताण तसाच राहतो आणि जोड पुन्हा उघडतो. टक त्याहून जलद येत असेल तर मधला गिअर किंवा वर्म (मोटरच्या आसावरचा स्क्रूसारखा गिअर) बघा.

पहिला प्रयत्न कंपनीचाच भाग मिळवायचा. बाखमनची अमेरिकेतली कंपनी सुटे भाग विकते, आतेभावाला तिथून मागवून पुढच्या फेरीत आणायला सांगा. इथेच बनवायचा तर सरळ दातांच्या गिअरचं मॉड्युल काढा: बाहेरचा व्यास भागिले (दातांची संख्या अधिक दोन). चौदा दात आणि व्यास ९.६ मिमी असेल तर ९.६ भागिले १६, म्हणजे ०.६ मॉड्युल. तडकलेल्या गिअरचा व्यास फुगलेला असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजून लहान आकडा धरा. वर्मवर चालणारा गिअर असेल तर दातांचा तिरपेपणाही जुळावा लागतो, म्हणून गिअर कापणाऱ्याला तुटका गिअर आणि वर्म दोन्ही द्या, नुसती मापं नको. भोसरीसारख्या ठिकाणी छोटे गिअर कापणारे वर्कशॉप आहेत. दोन-चार नग सांगितले तर ते तयार होतात. वर्म धातूचा असेल तर पितळी गिअर चालेल. वर्म प्लास्टिकचा असेल तर डेल्रिन या कडक प्लास्टिकचा करा, नाहीतर पितळ वर्मला खाईल. पितळी गिअरचं भोक आसावर हाताने सरकेल इतकंच ठेवायला सांगा आणि रिटेनिंग कंपाउंडने (आसावर गिअर पक्का धरणाऱ्या चिकट द्रवाने) पक्का करा. दाबून ठोकला तर आस वाकेल. डेल्रिनला हे कंपाउंड नीट धरत नाही, त्याला पितळी बुश घालून घ्या.

चाकं परत बसवताना एका बाजूचा क्रँक दुसऱ्या बाजूच्या बरोबर ९० अंश पुढे आला पाहिजे आणि सगळ्या आसांना तेच माप हवं. नाहीतर दांडे अडकतात आणि नव्या गिअरवरच ताण येतो. प्लास्टिकला चालणारं पातळ ग्रीस थोडंसंच लावा. मग रुळावर ठेवायच्या आधी इंजिन उलटं ठेवून सहा व्होल्टवर दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं चालवा आणि मीटरवरचा करंट बघत राहा. तो सुरुवातीला थोडा जास्त असून हळूहळू उतरून स्थिर झाला तर डिकोडर जोडायला हरकत नाही. दर फेरीला आकडा वर-खाली होत असेल तर क्रँकचा कोन पुन्हा तपासा.